मार्चमधला संथ भाग

पप्पाच्या कॉर्नेटच्या, त्या आखूड पितळी तुतारीच्या, तोंडात माझा एक पायमोजा कायम कोंबलेला असायचा. वाडीतल्या लोकांनी त्याच्या सकाळच्या सरावाची फार तक्रार केली, तेव्हा त्याने काढलेली ती युक्ती होती. मोजा घातला की कॉर्नेट घसा बसल्यासारखं बोलायचं आणि शेजारच्या पेंडशांची झोप वाचायची. माझी मात्र शाळेच्या वेळी पळापळ. एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा, आणि मम्मा आतून ओरडतेय, "बघ जाऊन बापाच्या भोंग्यात!" मोजा तिथेच असायचा, जरा ओलसर. तो तसाच चढवून मी गिरगावातल्या मराठी शाळेत जायचे, आणि आज हे सगळं मराठीत लिहितेय ते त्या शाळेच्या कृपेने. आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती, घरांत आईबापांना अरे-तुरे करतात. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या आणि मी "पप्पा, तू जेवलास का?" म्हटलं की त्यांचे डोळे मोठे व्हायचे. इथेही मी त्याला तसंच म्हणणार आहे. या वयात अहो-जाहो करायला लागले तर तो वर बसून हसेल.

वाडीत आमचं घर लाकडी, दोन मजली, पुढे चिमुकली गॅलरी. वरच्या मजल्यावर आम्ही तिघं आणि खालच्या खोलीत पप्पाचा बँड. भिंतीवर ओळीने खिळे, खिळ्यांना वाद्यं टांगलेली, कोपऱ्यात मोठा ढोल, आणि त्या ढोलावर बिनधास्त झोपलेली मांजर. लग्नसराईच्या आधी सगळं पितळ चिंचेने घासायचं असे, त्या दिवसांत घरभर आंबट वास. लाल कोट गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातले की रस्त्यावरच्या माणसाला वाटायचं, इथे पलटण उतरलीय. वाजवणारे बहुतेक लालबाग-परळचे, गिरण्यांत कामाला. पाळी सुटली की येत. मम्मा त्यांच्यासाठी चहाचा टोप चढवायची आणि वर तोंडाने, "नवरा एक केला नि घरात बसली बारात," असं म्हणत राहायची. पण रविवारी तालीम असली की तीच सकाळपासून बाटली मसाल्यातलं कोंबडीचं कालवण रांधायची आणि पिठात ताडी घालून फुगे तळायची. तो मसाला मे महिन्यात बायका येऊन अंगणात कुटत, दोघी-तिघी एका उखळावर, मुसळं आळीपाळीने. पप्पा गॅलरीत उभा राहून ऐकायचा आणि वरून सांगायचा, "हिरव्या लुगड्यावाली बाई मागे पडतेय." बायका खालून त्याला शिव्या घालायच्या, आणि पुढचा घाव बरोबर जागेवर पडायचा.

बँडातलं माझं सगळ्यात आवडतं माणूस म्हणजे कांबळे काका. सखाराम कांबळे, वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचे आणि बॅरिटोन वाजवायचे. ते पोटाशी धरून वाजवायचं मोठं पितळी वाद्य, आवाज जाड पण मऊ, मांडीवर घेऊन समजूत काढावी तसा. काका स्वतः इतके किडकिडीत की वाजवायला उभे राहिले की वर टोपी आणि खाली चपला तेवढ्या दिसायच्या. बाबासाहेबांच्या जयंतीला पप्पा त्यांच्या चाळीत वाजवायला जायचा. त्या दिवशी मास्तर कांबळे काका आणि पप्पा साधा कॉर्नेटवाला, काका सांगतील ते वाजवणार. दोघांची मैत्री अशी होती की एकमेकांशी फारसं बोलतही नसत. एकाने वाद्य उचललं की दुसऱ्याला कळायचं, आज याचं काहीतरी बिनसलंय.

एका दुपारी वाडीच्या तोंडाशी एक गाडी येऊन थांबली. गाडी एवढी लांब की ती आत वळेना, म्हणून आतले गृहस्थ चालत आले. संस्थानं केव्हाच गेली होती, पण महाराजांना लोक महाराजच म्हणत आणि त्यांच्या कारभाऱ्यांना दिवाणजी. ते हे दिवाणजी. महाराजांचा मलबार हिलवर बंगला होता आणि त्यांच्या एकुलत्या लेकीचं लग्न तिथे व्हायचं होतं. महाराज तरुणपणी विलायतेत शिकत असताना तिथल्या कुठल्याशा राजघराण्यातल्या लग्नात त्यांनी ऑर्केस्ट्रा ऐकला होता, आणि त्या लग्नासाठी मुद्दाम रचलेला, पावलांच्या ठेक्यावर वाजणारा मार्च. तसाच आपल्या लेकीसाठी हवा, नवा कोरा, कुणी न ऐकलेला, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आणि महाराजांच्या स्वतःच्या वरातीत पप्पा, तेव्हा मिसरूड फुटायच्या वयातला, कॉर्नेट वाजवत चालला होता. ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

"बँड नको, ऑर्केस्ट्रा हवा," दिवाणजी म्हणाले. "व्हायोलिन वगैरे."

"होईल," पप्पा म्हणाला.

दिवाणजींची पाठ वळली मात्र, मम्माने कमरेवर हात ठेवले. "व्हायोलिनं काय झाडाला लागतात?"

"दादरला सिनेमाचं रेकॉर्डिंग वाजवणारे सगळे आपलेच आहेत. येतील."

"आणि मार्च? तो कोण रचणार?"

पप्पा खुर्चीत बसला आणि तळहात बघत राहिला. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या चाली वाजवल्या होत्या. सिनेमाच्या, चर्चच्या, गणपतीच्या. लोक नाचायचे त्या चालींवर, रडायचेही, पण त्यातली एकही त्याची नव्हती. स्वतःचं असं काही रचून ते लोकांपुढे वाजावं ही इच्छा त्याने आम्हाला कधी बोलून दाखवली नव्हती. ती किती मोठी होती ते मला त्या दुपारी त्याच्या कानांवरून कळलं. पप्पाला आनंद झाला की त्याचे कान लाल व्हायचे.

मार्चचा पहिला भाग पटकन झाला. नवरदेव येतोय, तुताऱ्या, ढोल, रुबाब. ते सगळं पप्पाच्या बोटांत होतंच. शेवटीही तेच पुन्हा येणार होतं. अडलं ते मधल्या भागाशी. मार्चच्या पोटात एक संथ भाग असतो, तिथे सगळा दणदणाट खाली बसतो आणि एखादी साधी चाल सुरू होते. पप्पाने ठरवलं की तो भाग नवरीचा. बापाच्या हाताला धरून नवरी आत येते, तेव्हाचा. मम्मा जेवणाच्या टेबलावर बोंबील साफ करायची आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पप्पा लिहायचा, खोडायचा. आठवडा गेला. मग एक दिवस तो म्हणाला, "सेलिन, उठ. नवरी कशी चालते ते बघितल्याशिवाय जमायचं नाय."

त्याने माझ्या डोक्यावर पलंगावरची चादर घातली, मागे लोळेल अशी, आणि मला वाडीत नेलं. मी एकोणीस वर्षांची घोडी. चादर ओढत, बापाच्या कोपरात हात घालून, वाडीच्या तोंडापासून मागच्या टोकाच्या दगडी क्रूसापर्यंत चालायचं, पुन्हा वळायचं, पुन्हा चालायचं. गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली. "काय बेनी मास्तर, पोरीचं ठरलं काय? आमाला जेवायला बोलवा हां!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी भराभर पाय उचलायला लागले तर पप्पा हात दाबून म्हणाला, "हळू. पळतेस कुठे? घाई आहे काय तुला जायची?" मग तो नाकात काहीतरी गुणगुणायला लागला. मी पाऊल टाकलं की एक सूर, थांबले की तो लांबवायचा. वळणावरच्या पाण्याच्या पिंपापाशी आलो आणि त्याने माझा हात एकदम सोडला. धावतच घरात गेला, जिना दणदण वाजला. मी चादरीसकट भर वाडीत उभी, आणि पेंडशांची कुसुम गॅलरीत हसून हसून वाकलेली.

चाल आली होती. अगदी साधी, चढत जाणारी आणि मग मान खाली घालून परत येणारी. संध्याकाळी कांबळे काकांनी ती बॅरिटोनवर वाजवली तेव्हा मम्मा हातातलं लाटणं घेऊन खाली आली आणि काही न बोलता वर गेली. तिच्यासारख्या बाईने काही न बोलणं म्हणजे केवढी मोठी शाबासकी, ते आम्हा दोघांनाच माहीत.

प्रत्येक वाद्याचा भाग वेगळ्या कार्डावर उतरवायचा असे, ते काम माझं. माझं अक्षर चांगलं होतं आणि सूर लिहायला पप्पाने मला लहानपणीच शिकवलं होतं. संथ भागाच्या डोक्यावर त्याने लिहायला सांगितलं होतं, "नवरी वडिलांसोबत मांडवात येते." दोन-तीन कार्डं झाली आणि माझं पेन थांबलं.

"पप्पा, ह्या लोकांत नवरी बापाबरोबर चालत येत नाही."

"मग काय उडत येते?"

"मामा आणतो तिला. आतल्या खोलीतून. चार पावलं, की आली. आणि तेव्हा मंगलाष्टकं चालू असतात. तिथे मार्च वाजवलास तर भटजी तुला अक्षता नाही, नारळ मारतील."

"मला शिकवतेस? अख्ख्या गिरगावची लग्नं वाजवली मी."

"रस्त्यावर!" मी म्हटलं.

 खरंच होतं ते. बँड नवरदेवाला वाजतगाजत दारापर्यंत आणायचा आणि दारातच थांबायचा. मग चहा यायचा. बँडवाले फुटपाथवर बसायचे. आत मुहूर्त लागला की दारातून कुणीतरी रुमाल हलवून ओरडायचा, "वाजवा!" की हे उठून धडाक्याने वाजवायचे. इतकी वर्षं हिंदू लग्नातला रुमालच तेवढा पप्पाने पाहिला होता. तो रुमाल कशामुळे हलतो ते पाहायला वाजवणाऱ्याला कुणी आत बोलावलं नव्हतं. आतलं लग्न म्हणून त्याला ठाऊक होतं ते चर्चमधलं, आणि राजाच्या लेकीलाही त्याने सरळ चर्चमध्येच नेऊन उभं केलं होतं.

"सखाराम, तुला माहीत होतं?" त्याने संध्याकाळच्या तालमीत कांबळे काकांना विचारलं.

"मला कुठून असणार?" काका बॅरिटोनचं तोंड पुसत म्हणाले. "आमच्या बापजाद्यांना मांडवात घेतलं कोणी? आनि आता आमच्यात वंदना होते, हार घालतात, टाळ्या. झालं लगीन. पोरगी बोलते तर खरंच असंल."

सगळा बँड एकमेकांकडे बघत बसला. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळेच हसले, पप्पा सोडून.

सुदैवाने त्याच महिन्यात कुसुमचं लग्न होतं. पेंडशांनी सगळ्या वाडीला बोलावलं होतं. दर वेळी पप्पा असल्या आमंत्रणाला मम्माला पाठवायचा, कारण सराईत त्याला सवड नसायची. या वेळी त्याने काम दुसऱ्याकडे सोपवलं, चर्चचा कोट घातला आणि माझ्याबरोबर निघाला. हॉलच्या दारात दुसरा एक बँड उभा होता. त्यांनी मास्तरांना पाहुणा म्हणून आत जाताना पाहिलं आणि सगळ्यांनी एकदम सलाम ठोकला. पप्पा चोरासारखा आत शिरला. अत्तर, पन्हं, घडीची खुर्ची, सगळं त्याला मिळालं आणि कशाचं काय करायचं ते त्याला कळेना. अक्षता त्याने पहिल्याच मंगलाष्टकाला सगळ्या उधळून टाकल्या आणि मग पुढचा सगळा वेळ माझ्या मुठीतल्या मागत राहिला. कुसुमला मामाने आणलं तेव्हा तो माझ्या कानाशी लागला, "बस? एवढंच?" मग एक काका दाराकडे धावले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला. पप्पाने माझं मनगट धरलं. "बघ, बघ, हा इथून हलवतो!" बाहेर धडाक्यात वाजायला लागलं. पप्पाचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मला आधी हसू आलं. पण बाहेर वाजवणाऱ्या या माणसाला इतकी वर्षं आत घ्यायचं कुणाच्या मनात कसं आलं नाही, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. पेंडशांनी स्वतः येऊन त्याच्या पानात जिलबी वाढली, आग्रह करकरून. पेंडशांचं ते वाढणं मी अजून विसरलेली नाही.

जेवणं आटोपली आणि पाठवणी आली. बँडवाले बाहेर वाद्यं आवरत होते, त्यांचं काम संपलं होतं. कुसुम बाहेर आली. शेजारी तिचे वडील, एरवी वाडीभर सगळ्यांची टर उडवणारे पेंडसे, आज मान खाली घालून. हॉलच्या दारापासून गाडीपर्यंत काही फार अंतर नव्हतं, पण ती दोन पावलं चालायची आणि कुणाच्या तरी गळ्यात पडायची, पुन्हा चालायची. वडिलांचा हात तिच्या पाठीवर, तोही तसाच चालत थांबत. कुठेही कसला आवाज नाही, नुसती मुसमुस. पप्पा उठून उभा राहिला होता.

"सेलिन," तो म्हणाला, "ही बघ. ही चालतेय. बापाबरोबर चालतेय."

घरी येईपर्यंत त्याचं डोकं धावायला लागलं होतं. आमची नवरी आत येताना चालते, यांची निघताना. बाप तोच, पावलंही तीच. चालीतला एक सूरही बदलायची गरज नव्हती. फक्त वाजवणाऱ्यांना नव्याने बसवायचं. व्हायोलिनं आणि त्यांचा जाडा थोरला भाऊ चेलो बंगल्याच्या व्हरांड्यात, दाराशी. पितळी वाद्यं खाली फाटकाशी. नवरी दारातून निघाली की चाल व्हायोलिनांवर सुरू होणार आणि ती जसजशी फाटकाकडे जाईल तसतशी पितळेकडे सरकणार, शेवटी कांबळे काकांच्या बॅरिटोनवर, गाडीपाशी. चालीने तिच्याबरोबर चालत जायचं. मी सगळी कार्डं पुन्हा उतरवली आणि या वेळी डोक्यावर लिहिलं, "पाठवणी."

दिवाणजींनी ते वाचलं आणि कार्ड खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता, कामात मुरलेला होता. "मास्तर, पाठवणीला बाजा? लोक रडत असतात तेव्हा. आमच्यात बरं दिसत नाही. तो मधला भाग काढून टाका, जोरकस तेवढं ठेवा. महाराजांना तेच हवंय."

"जसा हुकूम," पप्पा म्हणाला.

त्या दिवशी त्याने तळलेल्या बोंबलाला हात लावला नाही. मम्मा म्हणाली, "सोडून दे काम. सांग, नाय जमणार."

"सगळ्यांनी सराईतली दुसरी कामं नाकारलीत ह्याच्यासाठी. त्यांना काय सांगू? मास्तरांना त्यांची चाल प्यारी होती म्हणून घरी बसा?"

मम्माने पहिल्यांदाच त्याच्यापुढे हार मानली. मी कार्डांवरच्या संथ भागावर पेन्सिलीने बारीक रेघ मारली. शाईने मारायचा धीर झाला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी बंगल्यावर तालीम होती. समोर समुद्र, हिरवळ, रांगोळ्या काढणाऱ्या बायका. पप्पाने मला कार्डं सांभाळायला बरोबर नेलं होतं. जोरकस भाग दोनदा झाला, दिवाणजींनी मान डोलावली आणि ते मंडपवाल्यांकडे गेले. मग पप्पा हलक्या आवाजात म्हणाला, "एकदा मधलं वाजवू या. आपल्यापुरतं. एकदा तरी सगळं मिळून ऐकू या." व्हायोलिनांनी सुरुवात केली. चाल व्हरांड्यातून उतरली, हिरवळीवरून गेली, आणि फाटकाशी कांबळे काकांनी ती हातात घेतली. संपलं तेव्हा रांगोळीवाल्या बायका हात थांबवून बसल्या होत्या. वरच्या मजल्यावर एक पडदा हलला. पप्पाने ताल द्यायची छडी खिशात घातली आणि म्हणाला, "झालं. ऐकलं आपण." माझ्यासाठी तो दिवस तिथेच संपला. मला वाटलं, एवढंच नशिबात होतं.

दुसऱ्या दिवशी नवरदेव आला तेव्हा मार्चने सगळा बंगला दणाणून सोडला. पाहुणे माना उंचावून बघत होते. लग्न लागलं, पंगती उठल्या, उन्हं कलली. आमची माणसं आपापल्या जागी बसून होती, दिवाणजींनी निघायला सांगेपर्यंत. मी फाटकाजवळ कांबळे काकांच्या शेजारी उभी होते. पाठवणी सुरू झाली आणि सगळीकडे ती तशीच शांतता पसरली. नवरी दारात आली. माझ्याच वयाची असेल. महाराज तिच्या शेजारी, फेट्यात, ताठ. पहिल्या पायरीशी येऊन ते थांबले, आणि थांबूनच राहिले. लोकांना वाटलं, काही राहिलं असेल आत. दिवाणजी पुढे धावले. महाराजांनी त्यांना हाताने थांबवलं आणि व्हरांड्यात उभ्या पप्पाकडे वळले.

"मास्तर," ते म्हणाले, "काल वाजवत होतात ते वाजवा. या शांततेत माझ्याच्याने चालवणार नाही."

पप्पाच्या खिशातून छडी निघेना. अडकली. शेवटी त्याने ती तशीच सोडली आणि नुसता हात वर केला.

व्हायोलिनं सुरू झाली आणि ती दोघं पायरी उतरली. वाडीत मी चादर ओढत चालले होते ती माझी पावलं होती सुरांत, पण नवरीची पावलं वेगळी होती. ती आईपाशी थांबली, मग आत्यापाशी, मग तिला लहानाची मोठी केलेल्या एका म्हाताऱ्या दाईपाशी. चर्चमध्ये नवरी अशी थांबत नाही. पप्पा तिच्या मागे मागे उतरला, डोळे तिच्या पायांवर. ती थांबली की तो सूर धरून ठेवायचा, ती निघाली की सोडायचा. आयुष्यभर लोक बँडच्या तालावर चालले होते, आज बँड एका मुलीच्या तालावर चालत होता. हिरवळीच्या मध्यावर पितळी वाद्यं हळूच आत आली. माझ्याजवळ कांबळे काकांनी श्वास घेतला. नवरी गाडीत बसली, वडिलांनी दार लावलं, काचेवर हात ठेवला, काढला. गाडी गेली.

चाल इथे संपायची होती. पण महाराज फाटकातच उभे राहिले, रिकामा हात लोंबत, आणि त्यांना परत वळायचं सुचत नव्हतं. पप्पाने खाली हात केला नाही. त्याने कांबळे काकांकडे पाहिलं. काकांनी तीच चाल पुन्हा सुरू केली, आता फाटकाच्या टोकाकडून. महाराज वळले आणि चालायला लागले, एकटे. बॅरिटोनकडून चाल तुताऱ्यांकडे गेली, तिथून हिरवळीवरून व्हरांड्याकडे. कुणालाच असं काही सांगितलेलं नव्हतं, पण आधी एका व्हायोलिनवाल्याला कळलं आणि मग सगळ्यांनाच. बाप पायऱ्या चढला तेव्हा फक्त चेलो वाजत होता. दारात त्यांनी मागे वळून पप्पापुढे हात जोडले आणि ते आत गेले. तेव्हा कुठे पप्पाचा हात खाली आला. दिवाणजी डोळे पुसत पप्पापाशी आले आणि म्हणाले, "माझं चुकलं हो, मास्तर." पप्पाने त्यांना मिठीच मारली, घामेजल्या लाल कोटासकट.

आता मी माहीमला मुलाकडे असते. खालच्या रस्त्याने वराती जातात, गाडीवर भिंतीएवढे स्पीकर ठेवलेले, खिडकीच्या काचा थरथरतात. मुलगा वैतागतो. मला राग येत नाही. कुणीतरी कुणाला तरी वाजवत नेतंय, एवढंच मनात येतं, आणि बरं वाटतं.

महाराजांकडच्या लग्नाच्या त्या संध्याकाळी आम्ही चौपाटीवरून चालत वाडीत आलो, कांबळे काकाही. मम्माने पानं मांडली. "वाजलं काय?" तिने विचारलं.

"वाजलं," पप्पा म्हणाला. "लिहिलं होतं त्याच्या दुप्पट वाजलं. तो नवरीचा बाप परत चालत गेला ना, एकटाच." मग त्याने एक फुगा मोडला. "ह्याचा मी विचारच केला नव्हता. हिच्या वेळी हिच्याबरोबर मी चालणार. मग येताना मला कोण वाजवणार?"

"मी हाय ना, मास्तर," कांबळे काका म्हणाले आणि कालवण वाढून घेतलं.

पुढे दोन वर्षांनी माझं लग्न झालं. चर्चमध्ये पप्पाच्या हाताला धरून मी त्या चालीवर आत गेले आणि त्याचं पाऊल सारखं चुकत होतं. संध्याकाळी वाडीच्या तोंडाशी मी गाडीत बसले. त्यानंतरचं मम्माने मला सांगितलं. पप्पा तिथेच उभा राहिला होता. बाकीचे बँडवाले जेवायला गेले होते. कांबळे काका एकटे भिंतीला टेकून थांबले होते. पप्पा वळल्यावर त्यांनी बॅरिटोन उचललं आणि दोन पावलं मागे राहून, वाडीच्या तोंडापासून घराच्या पायरीपर्यंत, त्याला वाजवत घरी आणलं. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या म्हणे, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. ते मी ऐकलेलं नाही. माझी गाडी तेव्हा ठाकूरद्वाराच्या पुढे गेली होती.